बाळाचा इंट्राकॅथ तिसऱ्या दिवशी बदलायचा की नाही?

नवी_स्टाफ:
नमस्कार. जनरल वॉर्डातून माझी नुकतीच एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, बदली झालीय. तिकडे आम्ही इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी, तिसऱ्या दिवशी काढून दुसऱ्या हाताला लावायचो. इथे एका बाळाचा तसाच काढायला गेले, तर इन्चार्ज सिस्टर ओरडल्याच. राउंड चालू होता, कारण विचारता आलं नाही. मग इन्फेक्शन होऊ नये म्हणून बदलायचं काय आणि ठेवायचं काय?

जुनी_सिस्टर:
ओरडल्या ते बरंच केलं. बाळांमध्ये दिवस मोजून काढायचा नसतो. सीडीसीच्या (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) 2011 च्या सूचनांतही हेच आहे: कारण असेल तरच काढा. जागा लाल झाली, सुजली, कडक लागली, गळायला लागली की लगेच काढा. नाहीतर राहू द्या. दीड किलोच्या बाळाला शिरा सापडतात किती? आणि प्रत्येक नवं टोचणं म्हणजे त्या पातळ कातडीला आणखी एक भोक. जागा सतत दिसली पाहिजे, म्हणून पारदर्शक ड्रेसिंग लावा, वरून बँडेज गुंडाळू नका.

टोचताना सगळेच जपतात हो. लक्ष सुटतं ते नंतर, थ्री-वे, म्हणजे नळीला औषध जोडायची तीन तोंडांची तोटी, उघडताना. आधी हात, मग 70 टक्के अल्कोहोलच्या स्वॉबने हब (सिरिंज जोडायचं तोंड) 15 सेकंद घासायचा, वाळू द्यायचा आणि मगच सिरिंज. काढलेली टोपी ट्रॉलीवर पडली असेल तर ती गेली, नवी घ्या.

रात्रपाळीत आणखी एक बघाल. स्टिकिंगच्या पट्ट्या आधीच कापून वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणारा पाळणा) कडेला ओळीने चिकटवलेल्या असतात. त्या कडेला दिवसभर सगळ्यांचे हात लागतात आणि तीच पट्टी टोचलेल्या जागेवर जाते! माझ्या पाळीत मी त्या सरळ उपटून टाकायचे. तसंच 10 टक्के डेक्स्ट्रोजची (साखरेचं सलाईन) एकच बाटली सगळ्या बाळांना, वर सुई कायमची खुपसलेली. साठा कमी असतो, मान्य. पण त्या बाटलीत क्लेब्सिएला हा जंतू शिरला तर ओळीने बाळं आजारी पडतील.

सेटचं, म्हणजे बाटलीपासून बाळापर्यंतच्या नळीचं म्हणाल तर लिपिडचा (शिरेतून द्यायची चरबी) 24 तासांत बदलायचाच. साधं सलाईन सलग चालू असेल तर सेट 96 तासांच्या आत उगाच बदलू नका. तुमच्या युनिटचा नियम वेगळा असेल तर तो पाळा.

चिऊचा_बाबा:
मी पालक आहे. आमची चिऊ आत असताना आजी मनगट्या आणि अंगारा घेऊन दारात उभी. सिस्टरांनी अंगारा कॉटवरच्या फोटोला लावायला सांगितला, मनगट्या घरी पाठवल्या. भांडण टळलं.

नवी_स्टाफ:
अंगाऱ्याची युक्ती लक्षात ठेवते! सिस्टर, अगदी कमी वजनाच्या बाळाला कातडी पुसायला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक चालतं का?

जुनी_सिस्टर:
जपून. फार आधी जन्मलेल्या बाळांची कातडी त्याने भाजते, विशेषतः ओघळून पाठीखाली साचलं तर. थोडंच घ्या, वाळू द्या, काम झालं की निर्जंतुक पाण्याने पुसा. बीटाडीनमधलं आयोडीन अंगात शोषलं जातं आणि थायरॉईडला त्रास देतं, तेव्हा काय वापरायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि बाळ दूध पूर्ण घ्यायला लागलं की राउंडला आपणच विचारायचं, "सर, लाइन काढू का?" नाहीतर ती उद्या बघू म्हणत हातात तशीच राहते.