डिलिव्हरी ट्रकची रोड टेस्ट, तीही मॅन्युअल गिअरवर. तयारी कशी करू?

नवखा_सारथी

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात माझी रोड टेस्ट आहे. काम माल पोचवण्याचं, गाडी बंद हौद्याची, सहाचाकी, पाच गिअर, मॅन्युअल. लायसन्स आहे, पण ते हातात आल्यापासून मोठी गाडी फारशी चालवलेली नाही. गेली चार वर्षं ऑटोमॅटिक कार चालवतोय, त्यामुळे डावा पाय पार ऐतखाऊ झालाय.

काल सरावाला अर्धा तास गाडी मिळाली. तीनदा बंद पाडली. चढावर एकदा हातभर मागे घसरली. आणि एका ठिकाणी पुढे जायचं म्हणून गिअर टाकला तर गाडी निघाली मागे! कारमध्ये पहिला जिथे असतो तिथे या गाडीत रिव्हर्स आहे. शेजारी बसलेले गृहस्थ काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त दाराचं हँडल घट्ट धरलं.

तर चढावर गाडी उचलायची कशी, गिअर खाली कधी आणायचे, आणि टेस्टमध्ये गाडी बंद पडली तर सरळ नापास का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

तिसरा_गिअर

आधी तो गिअरचा नकाशा पाठ करा. उभ्या गाडीत बसा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, क्लच तळापर्यंत दाबलेला. दांड्यावरचं चित्र एकदा नीट बघा आणि मग डोळे मिटून १ ते ५ आणि परत. दहा-पंधरा मिनिटांत हाताला कळायला लागतं. पुष्कळ ट्रकांत रिव्हर्स आणि पहिला एका ओळीत असतात, २-३ दुसऱ्या ओळीत, ४-५ तिसऱ्या. म्हणजे रोजची अदलाबदल, २-३ ची, सरळ रेषेत होते. कारची सवय डोक्यातून काढलीत की ही रचना सोयीचीच वाटते.

आता क्लच. सपाट, मोकळी जागा बघा. पहिला टाका आणि रेसला हातच लावू नका, म्हणजे पाय. नुसता क्लच सोडत आणा. डिझेल इंजिनात खालच्या वेगालाही ताकद असते, सपाटीवर गाडी रेसशिवाय मुंगीच्या चालीने निघते. नक्की कुठे निघते ते पायाने हेरा. निघाली की थांबवा, परत काढा. वीस वेळा करा. कंटाळा येईल, तरी करा. ट्रकच्या क्लचचा पल्ला कारपेक्षा लांब असतो आणि पकड बऱ्याच वर येते. लोक सवयीने खालीच घाई करतात आणि वर आल्यावर पाय झटकन सोडतात. गाडी बंद पडते ती तिथे.

चढावर हेच, फक्त हँडब्रेकच्या आधाराने. हँडब्रेक ओढलेला, पहिला टाकलेला. क्लच सोडत आणा. इंजिनाचा आवाज जड होतो, केबिनचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय रोखा. थोडी रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. क्रम बदलू नका. चढावर नुसत्या हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची हौस काही जणांना असते. ती टेस्टमध्येही नको आणि एरवीही नको, क्लचची प्लेट जळते.

उचापती

ऑटोमॅटिकवाली नोकरी शोधा. सुटलात!

नवखा_सारथी

@उचापती, शोधली हो. मिळाली ती ही!

@तिसरा_गिअर, 'पकड वर येते' हे वाचून ट्यूब पेटली. मी खालीच जपून सोडत होतो आणि वर आल्यावर संपलं समजून पाय काढत होतो.

रातपाळी

नव्या ड्रायव्हरांच्या शेजारी बसून गाडी बघण्याचं काम मी काही वर्षं केलंय, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते.

गाडी बंद पडली म्हणून मी कुणाला घरी पाठवल्याचं आठवत नाही. ज्याची एकदाही बंद पडली नाही पण सगळा वेळ नजर समोरच्या काचेत चिकटलेली, त्यांना मात्र पाठवलंय. बंद पडली तर क्लच आणि ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, आरसे बघा, मग स्टार्टर. हे शांतपणे जमलं की मला उलट बरं वाटायचं, कारण माणूस घाबरल्यावर काय करतो ते दिसायचं. मागून हॉर्न वाजतोय म्हणून गिअरमध्येच स्टार्टर मारला आणि गाडीने उडी घेतली, तर ते मात्र लिहिलं जातं.

तुम्ही प्रश्न विचारलेत सगळे गिअरचे. मी बघायचे ते वेगळंच: या माणसाला आपली गाडी किती लांब, किती रुंद, किती उंच आहे ते कळतंय का. बंद हौद्याच्या गाडीत मधला आरसा कुचकामी, मागे भिंतच असते. जे काही दिसायचं ते बाजूच्या आरशांत. म्हणून निघण्याआधी ते लावायला वेळ घ्या, कुणी घाई करत नाही. आधी सीट, मग आरसे. सीट नंतर हलवली की आरसे परत लावायचे. आरशात आपल्या हौद्याची कड बारीक पट्टीएवढी दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. आणि त्याखालचा फुगीर आरसा बघताना लक्षात ठेवा, त्यात मागची गाडी लहान आणि म्हणून लांब वाटते. असते जवळ.

क्लीनर साईड, म्हणजे ड्रायव्हरच्या पलीकडची बाजू, ही खरी आंधळी बाजू. दाराला लागून खाली सायकल उभी असली तर सीटवरून दिसतच नाही. सिग्नलला उभे असाल तर निघण्याच्या क्षणी त्या बाजूला पुन्हा एकदा बघा, आधी बघितलेलं असलं तरी. मी मधेच विचारायचे, "आत्ता क्लीनर साईडला काय होतं?" उत्तर आलं की माझी निम्मी टेस्ट झाली.

अजून एक, बारीक वाटेल. केबिनमध्ये चढता-उतरताना तोंड गाडीकडे. दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, असे तीन टेकू कायम. उडी मारून उतरायचं नाही. डिलिव्हरीच्या कामात दिवसातून पन्नास वेळा चढ-उतार होते, गुडघे आणि घोटे तिथेच जातात. टेस्टमध्ये हेही बघतात.

जुनी_चाकं

पोरा, गिअर खाली आणताना डबल क्लच मार. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, परत क्लच दाबून खालचा गिअर. आमच्या वेळी हे येत नसेल तर उस्ताद स्टेअरिंगला हात लावू देत नसे.

तिसरा_गिअर

काका, आदर आहे, पण सहाचाकी डिलिव्हरी गाडीत आता सिंक्रोमेश असतं. गिअरचे दात एकमेकांत जाण्याआधी त्यांचा वेग जुळवायचं काम आतली कडीच करते. ही सोय कॅडिलॅकच्या मोटारीत १९२८ सालीच आली होती, ट्रकांत सावकाश पोचली. बिनसिंक्रोच्या मोठ्या गिअरबॉक्सला डबल क्लच लागतोच, तिथे तुमचंच बरोबर. याला टेस्टच्या आठवड्यात ते शिकवलंत तर गोंधळ वाढेल.

@नवखा, गिअर खाली आणायचा साधा नियम: आधी ब्रेकने वेग कमी करा, मग त्या वेगाचा गिअर टाका. आणि हे सगळं वळणाच्या आधी संपवा. वळणात दोन्ही हात स्टेअरिंगवर, क्लच सोडलेला, गाडी गिअरमध्ये. पाचवरून थेट तीनवर आलात तरी चालतं, वेग तेवढा उतरलेला हवा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी वाहत ठेवायची नाही. लांब उतारावर तर नाहीच, सारखे दाबून ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही.

जुनी_चाकं

बरं बाबा. पण उतारासाठी आमचं जुनं एक घे: ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. आणि उतार सुरू व्हायच्या आधी टाक, मधे नाही. रेल्वे फाटकात रुळांवर असताना तर गिअरला हातच लावायचा नाही. अलीकडेच टाक आणि त्याच गिअरात पलीकडे जा. गाडी रिकामी असेल तर दुसऱ्यावर उचलते, पण शेजारच्या साहेबाला आधी विचार. काही जणांना पहिलाच लागतो.

कंपासपेटी

ट्रक चालवत नाही, पण रातपाळी यांनी लांबीचा विषय काढला म्हणून थोडं गणित. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ४ मीटर धरा. वळताना पुढचं चाक ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर मागचं फिरतं ८ च्या वर्गातून ४ चा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळावर, म्हणजे ६.९ मीटरवर. मागचं चाक एक मीटरहून जास्त आत कापतं! पुढचं चाक कोपऱ्यापासून हातभर लांबून गेलं तरी मागचं फुटपाथवर चढणार.

रातपाळी

@कंपासपेटी, वा. हे मी हातवारे करून सांगायचे, आता आकडाच देईन.

म्हणूनच कोपऱ्यावर लवकर वळायचं नाही. थोडं पुढे सरळ जायचं, मग स्टेअरिंग फिरवायचं आणि आतल्या आरशात मागचं चाक कोपऱ्याला कसं जातंय ते बघत राहायचं. आणि याची दुसरी बाजू: मागच्या चाकांच्या मागे जो हौदा लटकलेला असतो, तो वळताना उलट दिशेला बाहेर फेकला जातो. भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला खेटून उभे असाल आणि एकदम पूर्ण स्टेअरिंग तोडून निघालात, तर शेपूट त्या भिंतीला घासणार. नवे लोक पुढचं सांभाळतात आणि शेपटाने आरसे तोडतात. माझं स्वतःचं पहिलं नुकसान असंच. उभ्या गाडीचा आरसा गेला आणि मला कळलंसुद्धा नाही, मागून एक जण पळत आला तेव्हा समजलं.

नवखा_सारथी

हे सगळं डोक्यातच नव्हतं. आणि रिव्हर्स? टेस्टमध्ये धक्क्याला गाडी लावायची आहे म्हणे. धक्का म्हणजे माल उतरवायचा ओटा.

मालधक्का

आमचा रोजचा धंदा. पहिलं म्हणजे उतरून बघा. खरंच उतरा. मागे काय आहे, खड्डा आहे का, वर पत्रा किंवा तार किती खाली आली आहे, सगळं पायी फिरून बघा. परीक्षकासमोर उतरायला लोकांना लाज वाटते, पण तोच तर बघत असतो की हा उतरतो का.

जमेल तेव्हा ड्रायव्हर साईडला वळवत मागे घ्या, म्हणजे शेपूट खिडकीतून आणि आरशातून दिसत राहतं. दुसऱ्या बाजूने घ्याल तर अंदाजावर चालाल. वेग क्लचवर, रेस जवळजवळ नाही. स्टेअरिंग थोडं-थोडं फिरवा, एकदम जास्त फिरवलं की ते सोडवण्यातच जागा संपते. वाकडं गेलं तर पुढे घ्या आणि परत या. दोनदा पुढे घेतली म्हणून कुणी नापास करत नाही. ओट्याला ठोकली तर करतात. मागे कुणी हात दाखवायला उभा असेल तर तो आरशात दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक. तो कुठे गेला याचा विचार गाडी थांबल्यावर.

हवेचे ब्रेक आहेत का गाडीला? असतील तर सुरू केल्यावर बझर थांबेपर्यंत आणि हवेच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत हलू नका. आणि तो ब्रेक कारसारखा खाडकन दाबाल तर परीक्षक काचेवर आणि मागचा माल केबिनवर.

रातपाळी

अंतराचंही लक्षात असू द्या. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच दोन ट्रकांएवढा रस्ता गेलेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट. मधल्या जागेत कुणी कार घुसवली तर घुसवू द्या, तुम्ही परत मागे व्हा.

नवखा_सारथी

मंडळी, टेस्ट झाली. पास!

चढ व्यवस्थित गेला, नाक उचललेलं कळलं आणि हँडब्रेक सोडला. बंद पडली ती कुठे, तर फाटकातून बाहेर पडताना, सपाटीवर. मागे दोन गाड्या. ब्रेक, हँडब्रेक, न्यूट्रल, आरसे, स्टार्टर, मनातल्या मनात म्हणत केलं. परीक्षक बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या सिग्नलला मात्र अगदी तोच प्रश्न आला: "क्लीनर साईडला कोण आहे?" सायकलवाला होता, पाठीला निळी पिशवी. पिशवीचा रंगही सांगितला.

धक्क्याला लावताना दोनदा पुढे घेतली, तीनदा उतरलो.

मग सगळं संपलं, त्यांनी कागदावर सही केली, मला इतका आनंद झाला की मी दार उघडून सरळ खाली उडी मारली. वर बघतो तर त्यांनी कागद परत काढला आणि खाली एक ओळ वाढवली.

रातपाळी

सांगितलं होतं.

नवखा_सारथी

हो ताई. सोमवारी ड्युटीवर जाण्याआधी ती चढ-उतार वीस वेळा त्यांच्यासमोर करून दाखवायची आहे.