'सहकारी' म्हणजे नेमकं कोण?

शाईचा डाग :
८ मार्च आला की विस्मृतीत गेलेल्या स्त्रियांची यादी फिरते आणि ९ तारखेला तीही विस्मृतीत जाते. मला यादी नकोच. मूळ हकिगतीत, त्याच वाक्यात, त्या बाईचं नाव हवं. जोसलिन बेलचंच बघा. १९६७, केंब्रिज. रेडिओ दुर्बिणीचे आलेख रोज सुमारे ३० मीटर कागदावर उमटायचे आणि ते डोळ्यांनी तपासायचं काम पीएचडी करणाऱ्या या मुलीचं. त्या भेंडोळ्यात एक बारीकशी खरखर तिला खटकली. कुठलातरी व्यत्यय म्हणून सोडून देता आली असती, पण ती मागेच लागली. तो निघाला पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारा, गरगर फिरणारा तारा. १९७४चं नोबेल मात्र तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूईश आणि मार्टिन राईल यांना. ह्यूईश यांना कशासाठी, तर पल्सारच्या शोधातल्या 'निर्णायक' भूमिकेसाठी! मग खरखर बघणारीची भूमिका कसली?

उलटतपासणी :
असहमत. संशोधक विद्यार्थ्यांना नोबेल दिलं तर त्याची किंमत कमी होईल, अगदी अपवाद वगळता, आणि माझी गोष्ट तसा अपवाद नाही, असं खुद्द तिनेच १९७७मध्ये म्हटलंय. जिचं गेलं ती शांत, गळा आपण काढतोय. हा प्रश्न बाईचा नाहीच, कनिष्ठांचा आहे. शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिनच्या नावावर सांगितला जाणारा 'फोटो ५१', म्हणजे डीएनएची रचना उलगडायला मदत करणारं क्ष-किरण छायाचित्र, प्रत्यक्षात काढला रेमंड गॉसलिंग या तिच्या विद्यार्थ्याने. त्याच्यासाठी कुणी धागा काढलाय?

पाऊलखूण :
गॉसलिंगचं नाव घ्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर काही विद्यार्थिनी नव्हती. १९०७मध्ये बर्लिनला गेली, तेव्हा संस्थेत बायकांना मज्जाव. म्हणून तळघरात, पूर्वीच्या सुतारखान्यात तिला जागा दिली, येण्याजाण्याचं दारही वेगळं. पुढे तीस वर्षं रसायनशास्त्रज्ञ ओटो हानबरोबर काम. १९३८मध्ये ज्यू असल्यामुळे देश सोडून पळावं लागलं. त्याच डिसेंबरात हानचं पत्र आलं : युरेनियमसारख्या जड मूलद्रव्यातून त्याहून बरंच हलकं बेरियम कसं निघतंय? भाचा ओटो फ्रिशबरोबर बर्फातून चालता चालता ती एका ओंडक्यावर बसली आणि कागदाच्या तुकड्यांवर गणित मांडलं. अणुकेंद्र दुभंगतंय, हा उलगडा तिथला. १९४४चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानना.

उलटतपासणी :
पण तुमच्याच उदाहरणात फ्रिशलाही काही मिळालं नाही, आणि तो पुरुष होता. शिवाय तिला पळवून लावलं नाझींनी. प्रत्येक अन्यायावर 'बाई म्हणून' असा एकच शिक्का मारला की बाकीची कारणं पुसली जातात. तोही इतिहासावर अन्यायच.

पाऊलखूण :
आणि सुतारखान्याचं वेगळं दार? तेही नाझींनी केलं का? १९०७मध्ये?

उलटतपासणी :
दाराचा मुद्दा मान्य. नोबेलचा नाही.

कोरा कागद :
थोडं अवांतर. नोबेलबिबेल राहू द्या, आमच्या घरातलं सांगते. वडिलांचा प्रबंध आईने तीनदा टंकला. संगणक नव्हता, एक ओळ वाढली की पुढची पानं पुन्हा. ऋणनिर्देशात मुद्रकाचं पूर्ण नाव आहे. आई शेवटच्या ओळीत, 'पत्नीच्या सहकार्याबद्दल'. नाव नाही.

उलटतपासणी :
नाव घालायलाच हवं होतं. पण भावनेच्या भरात टंकलेखनाला संशोधन म्हणू नका. तसं केलं तर ज्यांनी खरंच संशोधन केलं त्या बायकांचं वजन कमी होतं.

कोरा कागद :
टंकलेखनाला संशोधन कुठे म्हटलं मी? दुसऱ्यांदा टंकताना तिसऱ्या प्रकरणातल्या एका सारणीची बेरीज तिला जुळेना. तिने मूळ वह्या काढल्या, दोन रात्री बसून सारणी नव्याने केली, आणि त्यामुळे त्या प्रकरणाचा निष्कर्षच बदलला. वडील हे स्वतः सांगतात, कौतुकाने सांगतात. आत्ताच पुस्तक काढून बघितलं. त्या सारणीखाली छापलंय : 'लेखकाने केलेले संकलन'.