भाचीचं लग्न बाणावलीच्या किनाऱ्यावर, खानापूरहून ४० माणसं न्यायची आहेत. सल्ला द्या

खानापूरचा मामा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिण गोव्यात, मडगावजवळ बाणावलीला आहे. मुलगा पुण्याचा. दोघांची हौस समुद्रकाठच्या लग्नाची, आणि आम्ही सगळ्यांनी आनंदानं हो म्हटलंय. मुहूर्त गोरज, संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला, मांडव वाळूतच. हळद त्याच दिवशी सकाळी.

आमच्याकडची बेळगावजवळच्या खानापूर, नंदगड, जांबोटी भागातली साधारण ४० माणसं. त्यात माझी आई ७८ वर्षांची, बीपी आणि साखर दोन्ही, इन्सुलिन चालू. एका काकांचे गुडघे गेलेत. लहान मुलं नऊ. गोव्याला आम्ही सगळेच जाऊन आलोय, पण ते मंगेशी-शांतादुर्गा करून संध्याकाळी घरी. एवढा गोतावळा घेऊन, नटूनथटून, मेच्या उकाड्यात लग्नाला उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आलीय.

कुठल्या घाटानं जावं? आदल्या दिवशी की त्याच दिवशी पहाटे? बायका साड्यांचं विचारायल्यात. आणि आईला न्यावं की नको, हे कुणीतरी अनुभवानं सांगा. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय राहणार नाही म्हणते.

लोंढेकर

रस्त्याचं मी सांगतो. चोर्ला घाट बेळगावकरांना पणजी-म्हापशाला बरा. तुम्हाला मडगावच्या बाजूला जायचंय, तर सरळ लोंढा, रामनगर, अनमोड, मोले, पुढं कुळे-सावर्डे करून मडगाव. जांबोटीच्या लोकांना चोर्ला जवळचा वाटेल, तरी सगळ्या गाड्या एकत्र असलेल्या बऱ्या, त्यांनाही खानापूरला बोलवा.

मेमध्ये सकाळी आभाळ निरभ्र असतं आणि तीन-चारनंतर वळीव कोसळतो. घाटात झाड पडलं की तास-दोन तास तिथंच. म्हणून पहाटे साडेपाचला निघा, उन्हं चढायच्या आत घाट उतरा. आदल्या दिवशी अनमोडचा रस्ता चालू आहे का ते फोन करून विचारा, दरड किंवा दुरुस्ती असली की मोठ्या गाड्या अडवतात.

टेम्पो ट्रॅव्हलर पिवळ्या पाटीची, टूरिस्ट परमिट असलेलीच ठरवा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेली आणि तपासणीत सापडली तर माणसं रस्त्यात उतरवायची पाळी येते.

आईंना आणि काकांना रेल्वेनं न्यायचा विचार करा. लोंढ्याहून गोवा एक्सप्रेस कॅसलरॉक, कुळे करत मडगावला जाते. आडवं पडता येतं, संडास जागेवर असतो, गाडी लागत नाही. तिकिटं मात्र आजच बघा.

शहापूरची वैनी

भाऊजी, गेल्या वर्षी मेमध्येच आम्ही नणंदेच्या मुलाचं लग्न असंच गोव्यात केलं. आम्ही त्याच दिवशी पहाटे निघालो होतो, ती चूक तुम्ही करू नका.

साडेदहाला पोचलो. खोल्या मिळणार दुपारी दोनला. हे कुणी विचारलंच नव्हतं. पस्तीस माणसं, बॅगा, पिशव्या, साड्यांची गाठोडी घेऊन हॉटेलच्या बाहेरच्या ओसरीत बसलो. सासूबाई वेताच्या खुर्चीत बसून होत्या. पाय खाली सोडून प्रवास झालेला, घोटे एवढे सुजले की जोडव्यांची बोटं लाल झाली. साबण लावून जोडवी काढली. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मला अजून ते पाय दिसतात. संध्याकाळी अंतरपाट धरायच्या वेळेला त्यांना चक्कर आली आणि नातवाचं लग्न त्यांनी खोलीत पडूनच ऐकलं. म्हणून हात जोडून सांगते, आदल्या दिवशी जावा. ४० जणांचं जमत नसेल तर निदान म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि तुम्ही. मामा उशिरा पोचला तर मुलीला मांडवात आणणार कोण? खोल्या किती वाजता ताब्यात मिळतील ते लिहून घ्या, आणि सगळ्यांची मूळ आधार कार्डं एकाच पिशवीत ठेवा, पोरांचीसुद्धा.

आता साड्या. आपण बेळगावकडची माणसं साडेसातशे मीटर उंचीवर राहतो. मेमध्ये आपल्याकडं ऊन कडक, पण संध्याकाळी गार वारं सुटतं. तिथं घाम येतो तो वाळतच नाही. भरजरी पैठणी नेसून वाळूत दोन तास उभं राहणं बाई माणसाला फार जड जातं. सुती इरकल किंवा आपली शहापुरी नेसा, हलकी आणि काठापदराची शोभाही राहते. पैठणी हवीच असेल तर ती रात्री जेवणाला, आतल्या हॉलमध्ये. परकर सुती घ्या, साटीनचा घामानं पायांना चिकटतो. साडी घोट्याच्या वर एक बोट ठेवून नेसा, ओल्या वाळूनं काठ खराब होतात. उंच टाचा वाळूत रुततात. कोल्हापुरी ओली झाली की गेलीच, म्हणून मांडवापर्यंत साधी रबरी चप्पल. गजरे इथून नेऊ नका, वाटेत कोमेजतात, गोव्यात आबोलीचे ताजे मिळतात.

दागिन्यांचं म्हणाल तर नाकातली, कानातली फिरकी घट्ट बघा. वाळूत पडलेलं सोनं सापडत नाही. आमची एक कुडी तिथंच राहिली.

गाडी लागणाऱ्यांना रिकाम्या पोटी आणू नका. दोन इडल्या, नाहीतर कोरडी भाकरी. पोह्याला तेल जास्त होतं. अ‍ॅव्होमिन घ्यायची तर घाटाच्या एक-दोन तास आधी, आणि पोरांना डॉक्टरना विचारूनच.

टिळकवाडी, नर्स

आईंना न्या. पण तयारीनं.

इन्सुलिन गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर अजिबात नको, बंद गाडीत ते तापून निकामी होतं. थर्मासच्या डब्यात न्या. बर्फाला थेट लावू नका, गोठलं तरी फुकट जातं. खोलीत फ्रिज आहे का ते आत्ताच विचारा. चालू पेन थंड खोलीत बाहेर राहिला तरी चालतो, शिल्लक साठा फ्रिजमध्येच.

बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर उकाड्यात पाणी कमी पडून चक्कर येते. मनानं गोळी बंद करू नका, निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मुहूर्त पावणेसातचा म्हणजे जेवण नऊच्या पुढं जाणार. इन्सुलिन घेऊन उपाशी बसणं धोक्याचं असतं. त्यांचं ताट वेगळं, नेहमीच्या वेळेला वाढायला एक माणूस नेमा. पर्समध्ये साखर किंवा ग्लुकोज असू द्या.

बाकी सगळ्यांसाठी ओआरएसची पाकिटं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, निम्म्या बाटलीत ओतायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आईंना मात्र ते त्यांच्या डॉक्टरना विचारून.

हळदीला ऊन चढलेलं असेल. पोरांना सनस्क्रीन आधी वीस मिनिटं लावा, दोन तासांनी पुन्हा.

येळ्ळूरचा, सध्या मडगावात

इथं नोकरीला आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी पोटतिडकीनं सांगतो.

पहिली भरतीची. वाळूतला मांडव म्हटल्यावर त्या तारखेची भरती किती वाजता आणि किती मोठी, हे मुलाकडच्यांनी बघितलंय का विचारा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. आज संध्याकाळी कोरडी दिसलेली वाळू आठवड्यानं त्याच वेळेला पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. आणि वळवासाठी आतली जागा राखून ठेवलीय का, हेही विचारा.

दुसरी पोरांची. आपली पोरं विहिरीत, मलप्रभेत पोहून तयार झालेली असतात, त्यामुळं घरच्यांना भीती वाटत नाही. मामा, समुद्र वेगळा. मेमध्ये तो खवळायला लागतो, गुडघाभर पाण्यातसुद्धा पायाखालची वाळू ओढून नेतो. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्याला पाय लावायचा नाही. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडं धडपडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाहेर या, हात वर करून ओरडा. लग्नघरात प्रत्येकाला वाटतं पोरं दुसऱ्याजवळ आहेत. दोन माणसांना फक्त तेवढंच काम द्या, आणि त्या दोघांनी त्या दिवशी प्यायची नाही.

वरात-डीजे उघड्यावर रात्री दहाला बंद करावा लागतो, तो नियमच आहे, तेव्हा नाचणाऱ्यांनी आठलाच सुरू करावं. टॅक्सी इथं महाग पडते आणि रात्री मिळायला वेळ लागतो, म्हणून तुमची ट्रॅव्हलर परत पाठवू नका, चालकाची राहायची-जेवायची सोय करून ठेवून घ्या. स्कूटर भाड्यानं घेणाऱ्या पोरांना सांगा, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्यायची. आणि परतताना कुणाच्या बॅगेत बाटल्या नकोत. अनमोडला तपासणी असते, एकासाठी सगळी गाडी थांबते.

खानापूरचा मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. वैनी, तुमच्या सासूबाईंचं वाचून आईला फोन केला. ठरलं असं, की आई, काका आणि माझी बायको आदल्या दिवशी लोंढ्याहून रेल्वेनं. मी आणि पोरंबाळंही आदल्याच दिवशी सकाळी ट्रॅव्हलरनं, म्हणजे दुपारच्या आत मडगाव. बाकीचे लग्नाच्या दिवशी येतील, पण त्यांच्यासाठी दोन खोल्या आदल्या रात्रीपासूनच घेतोय, म्हणजे आल्या आल्या कपडे बदलता येतील. भरतीचं बहिणीला विचारलं, कुणीच बघितलं नव्हतं. आता बघायल्यात.

एक राहिलं. मुलाकडच्यांना आपल्याकडचं काहीतरी गोड द्यायचंय. कुंदा २० किलो सांगणार होतो. टिकेल का?

शहापूरची वैनी

मेमध्ये नको भाऊजी. कुंदा दुधाचा, त्या दमट हवेत फ्रिजबाहेर आंबूस होतो, आणि २० किलो ठेवायला फ्रिज कुठं मिळणार? गोकाकचं करदंट न्या, डिंक-सुकामेव्याचं, घाट उतरून पुण्यापर्यंत जाईल. कुंदा पाव किलो, फक्त नवरीसाठी, आईंच्या इन्सुलिनच्या थर्मासशेजारी दुसऱ्या डब्यात.