रि: रि: बस खाजगी बरी की सरकारी? (बेस्ट आणि मँचेस्टर)

नमस्कार मंडळी,

बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं, एसीचं ६ वरून १२, आणि तेव्हापासून आपल्या मेलिंग लिस्टवर एकच सूर चाललाय की बघा मँचेस्टरने बस परत सरकारी केल्या, मुंबईनेही तेच करावं. माझं मत वेगळं आहे, ते मांडतो.

मी इंग्लंडमध्ये आलो तेव्हा बसचं डीरेग्युलेशन (सरकारी बंधनं काढणं) नुकतंच झालं होतं. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी सगळीकडे ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याने रूट रजिस्टर करावा आणि बस चालवावी, काउन्सिलला (इथल्या पालिकेला) विचारायची गरज नाही. आमच्या रस्त्यावर एकदम मिनीबस धावायला लागल्या, एक गेली की दुसरी हजर, भाड्यात चढाओढ. पुढे कंपन्या मोठ्या झाल्या, लहान गिळल्या गेल्या, हे मी नाकारत नाही. पण तोटा झाला तर तो कंपनीच्या खिशातून जातो ना. बेस्टला तोटा झाला की महापालिका भरते, म्हणजे माझा दादरचा भाऊ भरतो, तो बसने जावो न जावो. वर संप आहेतच, जानेवारी २०१९ चा नऊ दिवसांचा आठवा. मग चालवू दे की खाजगीवाल्यांना, ज्याला धंदा कळतो तो चालवेल.

राग नसावा.
(ऑल्ट्रिंकमहून)

----------

काका, नमस्कार,

राग कसला, तुम्ही मुद्द्याचं लिहिलंय म्हणूनच लिहायला बसले. माझे बाबा बेस्टमध्ये स्टार्टर होते (चौकीत बसून बस वेळेवर सोडणारे) त्यामुळे बस हा विषय आमच्या घरात जेवताना असायचा, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तुमचं ते खिशातून जाण्याबद्दल. तसं झालं नाही काका. १९८६ नंतर कंपनीला रूट परवडला नाही की ती ट्रॅफिक कमिशनरला (बसचं लायसन्स देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) काही आठवड्यांची नोटीस द्यायची आणि बस बंद. मग रविवारची फेरी, रात्रीची फेरी, हॉस्पिटलकडे जाणारी फेरी, हे सगळं काउन्सिलने टेंडर काढून त्याच कंपन्यांकडून पैसे देऊन विकत घ्यायचं. पेन्शनरांच्या फुकट पासचे पैसे सरकार देणार, इंधनावर सवलत सरकार देणार. म्हणजे गर्दीच्या रूटचा नफा त्यांचा आणि रिकाम्या फेरीचा खर्च आपला. तोटा कुठे गेला नाही, फक्त दिसेनासा झाला.

आणि चढाओढ म्हणाल तर ती होती मँचेस्टरच्या विल्म्स्लो रोडवर, जिथे विद्यार्थ्यांची गर्दी. मी शिकत होते तेव्हा स्टॉपवर एकामागोमाग तीन बस तीन कंपन्यांच्या उभ्या असायच्या, पुढची भरलेली, मागच्या दोन अर्ध्या रिकाम्या, आणि माझा आठवड्याचा पास चौथ्याच कंपनीचा! सगळीकडे चालणारा पास होता पण तो महाग. तिथून थोडं आत एखाद्या वसाहतीत राहायला जा, संध्याकाळी सातनंतर बसचा पत्ता नाही. दिल्लीत ब्लूलाइन या खाजगी बसचं हेच झालं होतं की, प्रत्येक बसचा मालक वेगळा, ड्रायव्हरची कमाई तिकिटावर, मग पुढच्या बसला मागे टाकून स्टॉपवरची माणसं उचलायची शर्यत. माणसं चिरडली गेली तेव्हा कुठे त्या बंद केल्या.

आता गंमत म्हणजे लंडन. तिथेही बस खाजगी कंपन्याच चालवतात! पण रूट, वेळ, भाडं, बसचा रंग सगळं टीएफएल (लंडनची सरकारी वाहतूक संस्था) ठरवतं, कंपनी फक्त टेंडर भरून ठरलेल्या पैशात बस चालवते, तिकिटाचे पैसे टीएफएलकडे. डीरेग्युलेशननंतरच्या तीस वर्षांत लंडनमध्ये बसचे प्रवासी जवळजवळ दुप्पट झाले आणि बाकी मोठ्या शहरांत निम्म्याच्याही खाली आले. लंडनला पैसाही जास्त मिळाला आणि २००३ पासून कंजेशन चार्जही (शहराच्या मध्यात गाडी नेण्याचं शुल्क) आहे, ते धरूनसुद्धा फरक फार मोठा आहे.

मँचेस्टरने जे केलं ते हेच, लंडनचं. 'बस सरकारी केल्या' असं जे आपल्या लिस्टवर लिहिलं जातंय ते बरोबर नाही. २०१७ च्या कायद्याने मेयरना फ्रँचायझिंगचा, म्हणजे लंडनसारखं सगळं ठरवून बस कंत्राटाने चालवून घ्यायचा अधिकार दिला, मेयर बर्नहॅमनी २०२१ मध्ये निर्णय घेतला, दोन कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०२२ मध्ये हरल्या, मग २४ सप्टेंबर २०२३ ला बोल्टन-विगनपासून पिवळ्या बस सुरू झाल्या आणि ५ जानेवारी २०२५ ला शेवटचा टप्पा, स्टॉकपोर्ट ट्रॅफर्ड वगैरे. ड्रायव्हरचा पगार आजही खाजगी कंपनीच देते.

आता बेस्टकडे या. बेस्टची वेट लीज म्हणजे काय? बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, देखभाल त्याची, बेस्ट किलोमीटरमागे पैसे देणार, रूट आणि भाडं बेस्टचं, तिकिटाचे पैसे बेस्टचे. कागदावर बघितलं तर हे आणि मँचेस्टर एकच आहे काका! मग इथे बस वाढतायत आणि तिथे लोक स्टॉपवर पाऊण तास उभे आहेत, हे खाजगी-सरकारीने कसं समजवायचं?

मला वाटतं फरक दोन गोष्टींत आहे, डेपो आणि ड्रायव्हर. मँचेस्टरने फ्रँचायझिंग करताना आधी डेपो ताब्यात घेतले, कारण डेपो ज्याचा त्यालाच टेंडर मिळणार, बाहेरचा माणूस बस उभ्या कुठे करणार? आता कंपनी बदलली तरी डेपो जागेवर, बहुतेक बस जागेवर, आणि ड्रायव्हर कायद्याने त्याच पगारावर नव्या कंपनीकडे जातो. कंत्राटदार गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो, बस थांबत नाही.

मुंबईत उलट. २०१९ मध्ये युनियनशी करार झाला त्यात स्वतःच्या ३,३३७ बस ठेवायचं ठरलं होतं, आज स्वतःच्या हजारही उरल्या नाहीत, जुन्या भंगारात गेल्या आणि नव्या घेतल्याच नाहीत. २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून शेकडो मिनीबस काढून घेतल्या, बेस्टकडे त्या जागी लावायला काही नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हर संपावर गेले, मागणी एवढीच की कायम ड्रायव्हरच्या जवळपास तरी पगार द्या, तेच स्टिअरिंग, तोच रस्ता, तेच ट्रॅफिक. तुम्ही २०१९ चा संप काढलात, पण कंत्राट दिलं म्हणून संप टळला नाही ना. आणि डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला जे झालं, भाड्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, त्यानंतर ड्रायव्हरला ट्रेनिंग किती आणि कुणी द्यायचं हा प्रश्न आला. बाबांच्या वेळेला नवा ड्रायव्हर बेस्टच्याच ट्रेनिंग स्कूलमधून यायचा आणि बाबांना चौकीत बसून माहीत असायचं की कुणाला चढणीचा रूट द्यायचा नाही, कोण सकाळच्या गर्दीत शांत राहतो. बस उशिरा आली तर वे-बिल (कंडक्टरचा फेरीच्या हिशोबाचा कागद) हातात घेऊन कंडक्टरशी दोन शब्द बोलायचे आणि तिथल्या तिथे ठरवायचे की ही अर्ध्यातून फिरवायची की पूर्ण पाठवायची. ही माहिती कंत्राटाच्या कागदावर लिहिता येत नाही.

पैशाबद्दल तुमचं खरं आहे. पूर्वी बेस्टच्या वीजपुरवठ्याचा नफा बसचा तोटा भरायचा, ते बंद झालं. मग २०१९ मध्ये भाडं ५ रुपये केलं, प्रवासी वाढले, पण कमी झालेलं उत्पन्न दर वर्षी कोण भरणार ते ठरवलंच नाही. इथेही फुकट नाहीये, फ्रँचायझिंगच्या बदलालाच साधारण १३.५ कोटी पौंड लागले आणि मेयरचा प्रीसेप्ट (त्याच्या वाट्याचा कर) तुमच्या-माझ्या काउन्सिल टॅक्सच्या बिलात दिसतो. पण दिसतो, हे महत्त्वाचं.

(स्टॉकपोर्टहून)

----------

ताई, काका,

मी हॉस्पिटलमध्ये नाइट करते, एवढंच सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये बोल्टन आणि ली या गावांच्या रूटवर रात्रभर बस सुरू केली, ट्रायल म्हणून. आधी उबरला पगारातले केवढे पैसे जायचे, आता ड्यूटी संपल्यावर थेट बस. वॉर्डमधल्या सफाईच्या बायका, बेकरीतले लोक, सगळे त्याच बसला असतात. मला नाही वाटत कुठल्या कंपनीने स्वतःहून पहाटे तीनला बस सोडली असती.

(बोल्टनहून)

----------

ताई, सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. डेपोचा मुद्दा मी कधी धरलाच नव्हता. तरी माझी शंका राहतेच. उद्या दुसरा मेयर आला, त्याने पैसे कापले, तर ही रात्रीची बस पहिली जाणार. कंपनी नफा बघते, राजकारणी निवडणूक बघतो. नॉटिंगहॅम, रेडिंग, एडिंबरा इथल्या बस कंपन्या काउन्सिलच्या मालकीच्या आहेत पण कारभार वेगळा, आणि त्या चांगल्या चालतात असं सगळेच म्हणतात. मला ते जास्त पटतं.

(ऑल्ट्रिंकमहून)

----------

काका, अगदी, मलाही तेच पटतं. आणि बेस्ट मुळात तशीच होती की! ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने घेतली, पण कारभाराला स्वतःचा जनरल मॅनेजर, स्वतःची समिती, स्वतःचं वर्कशॉप. म्हणून सध्या डेपोच्या जमिनींवर टॉवर उभारून पैसा काढायचं जे बोललं जातंय त्याची मला भाडेवाढीपेक्षा जास्त धास्ती वाटते. भाडं पुढे कमी करता येईल, शहराच्या मधोमध डेपोएवढी जागा मुंबईत परत कुणाला मिळणार नाही. घरच्या ग्रुपवर भाड्याबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांना आपापल्या वॉर्डातला डेपो कुठला आणि तिथे काय ठरलंय ते विचारायला सांगा, मी माझ्या भावाला आजच फोन केलाय.

(स्टॉकपोर्टहून)