चार सोसायट्या आणि एक वस्ती मिळून कुत्र्या-मांजरांची नसबंदी कुणी केलीये का? अनुभव सांगा प्लीज

धायरीची_मनी
नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, आमच्या रस्त्यावर चार सोसायट्या, मागे ओढ्याकडेला वस्ती आणि कोपऱ्यावर चिकनची दोन दुकानं. तीन वर्षांत आमच्या सोसायटीने वर्गणी काढून ११ कुत्र्यांची ऑपरेशनं करून घेतली, तरी या पावसाळ्यात आमच्याच पार्किंगमध्ये परत सात पिल्लं, कारण आई शेजारच्या सोसायटीतली. मांजरांचं तर विचारूच नका. परवा कुणीतरी बुटांच्या खोक्यात चार पिल्लं गेटपाशी ठेवून गेलं, डोळे नुकते उघडलेले, एकीचा डोळा पार चिकटलेला, कोमट पाण्याच्या कापसाने पुसत बसले रात्रभर. दोन वाचली.

प्रत्येकजण आपापलं काहीतरी करतोय. एका सोसायटीतल्या मुली खायला घालतात आणि स्वतःच्या पैशाने एखाद-दुसरी कुत्री डॉक्टरांकडे नेतात, दुसऱ्या सोसायटीची कमिटी म्हणते उचलून लांब सोडून या, तिसरीला काही पडलेलंच नाही. वस्तीत लोकं प्रेमाने पाळतात पण मोकळी सोडतात. या सगळ्यांना एकत्र कसं आणायचं, सुरुवात कुठून करायची?

ठाणेकर_टिपूवाला
ताई, आम्ही पण दोन वर्षं अशीच वाया घालवली. सुरुवात मोजणीपासून करा, पैशापासून नको. दोन रविवार पहाटे सहाला प्रत्येक सोसायटीतले दोघं-दोघं मिळून फिरा, प्रत्येक कुत्र्याचा फोटो, नर का मादी, कानाला खाच आहे का नाही. नसबंदी झालेल्याच्या कानाला खाच असते, ती लांबून पण दिसते. आमच्याकडे एकच तपकिरी कुत्री तीन ग्रुपच्या यादीत तीन नावांनी होती, राणी, ब्राउनी आणि काळूची आई, आणि तिघांनाही वाटत होतं की तिचं ऑपरेशन दुसऱ्यांनी केलंय. कुणीच केलं नव्हतं, तिची तीन वेतं झाली तोवर.

दुसरं म्हणजे वेग. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि ६३ दिवसांच्या आसपास विते, म्हणजे तुम्ही वर्षभरात चार-चार करून उचलत बसलात तर राहिलेल्या माद्या तेवढी भर घालतातच. छोटा भाग घ्या पण तिथल्या जवळजवळ सगळ्या माद्या सहा महिन्यांत उरका, मग पुढची गल्ली.

आणि खाणं! ऑपरेशनच्या आदल्या रात्री पोट रिकामं लागतं. आमच्याकडे सगळं ठरलं होतं, गाडी आली, आणि एका आजींनी पहाटेच दूधपोळी घातलेली, सहापैकी चार कुत्री तशीच परत आली. आजींची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून आदल्या दिवशी खायला घालणाऱ्या प्रत्येकाला फोन जातो, चिकनवाल्याला पण. उलट तेच लोकं कामाला येतात, ते हाक मारतात तेव्हा कुत्रं चालत येतं, जाळी टाकायची वेळच येत नाही.

लांब सोडायचं म्हणणाऱ्या कमिटीला २०२३ चे एबीसी (अॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे प्राण्यांच्या नसबंदीचे) नियम दाखवा, जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय तुमची इथे रुळलेली कुत्री नेलीत तर कचरा आणि चिकनची दुकानं आहेतच, महिन्याभरात नवीन येणार, नसबंदी न झालेली. रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी मनपाची आहे, तेव्हा चारही सोसायट्यांच्या लेटरहेडवर फोटोंच्या यादीसकट एकच अर्ज द्या. सुट्या तक्रारीपेक्षा त्याला वजन येतं.

बोक्याची_आई, कोल्हापूर
मांजरांचं मी सांगते. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि अंगावर पिल्लं पीत असताना पण परत राहते, म्हणून तुम्हाला वर्षभर पिल्लंच दिसतात. हाताने पकडायला जाऊ नका, पिंजरा लावा, आत सुके बोंबील थोडे गरम करून ठेवा, वास सुटला पाहिजे. दार पडल्या पडल्या वरून जुनी चादर टाका, अंधार झाला की धडपड थांबते, नाहीतर नाक आपटून रक्त काढतात.

पण खरं सांगू का, निम्मा प्रश्न रस्त्यावरचा नाहीच, घरातला आहे. फ्लॅटमधला गुबगुबीत बोका रात्री खाली जातो, त्याचं ऑपरेशन कोण करतं? तुमच्या यादीत पाळीव पण घ्या. आणि वस्तीत जाऊन शिकवायला जाऊ नका. त्यांची रोजची मजुरी बुडते म्हणून ते नेत नाहीत. "सकाळी आम्ही नेतो, सांभाळतो, टाके सुकले की दारात आणून सोडतो" एवढं म्हणा आणि तसंच करा. पहिलं मांजर धडधाकट परत आलं की बाकीचे स्वतः हाका मारतात.

निलेश_०७
मी कुत्र्यांच्या बाजूचा नाही, माझ्या मुलीला मागच्या वर्षी चावलंय. पण लांब सोडून प्रश्न सुटत नाही हे मलाही पटलंय. एकच विनंती, नसबंदीबरोबर रेबीजची लस झालीच पाहिजे आणि त्याची नोंद सोसायटीच्या बोर्डवर लावा, आम्हा आईबापांना झोप लागेल. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच इंजेक्शनला जायचं, हे पण त्याच बोर्डवर लिहा.

ठाणेकर_टिपूवाला
एकदम बरोबर निलेश. तुमच्यासारखा माणूस मीटिंगला असला की कमिट्या ऐकतात, हे अनुभवाने सांगतो.

म्हापशाचो_बाब
गोव्यात रेबीज लसीकरण २०१४ पासून असंच गल्लीवार चाललंय. जाळी घेऊन टीम येते, लस दिली की कुत्र्यावर रंगाची खूण, फोनवर नोंद, शाळांमध्ये मुलांना माहिती. सरकार, संस्था आणि गावचे लोक एकाच यादीवर काम करतात. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. साधारण ७०% कुत्र्यांना दरवर्षी लस गेली तर साखळी तुटते, त्यामुळे कुठलं राहिलंय ते कळणं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही पण एक साधी शीट करा, सगळ्यांना उघडी.

धायरीची_मनी
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं वाचून दाखवलं घरी. येत्या रविवारी सहाला ओढ्याच्या पुलावर भेटतोय, तीन सोसायट्या हो म्हणाल्यात, चौथीतले एक काका एकटेच येतायत. चिकनवाला भाऊ आदल्या रात्री तुकडे टाकणार नाही म्हणालाय. वस्तीतल्या ताई पण येणार आहेत, त्यांच्याकडे दोन कुत्र्या, पण त्यातली एक गाभण वाटतेय. तिचं काय करायचं?

बोक्याची_आई, कोल्हापूर
आधी डॉक्टरांना दाखवा, किती दिवस झालेत बघून तेच सांगतील. व्यायलीच तर पिल्लं दूध सोडेपर्यंत तिला उचलू नका, पण तारीख शीटवर आजच टाका, नाहीतर हीच एक राहून जाते. आणि पिल्लांना घरं बघायला आत्तापासून लागा, फोटोला मी मदत करते.