टाकीतलं पाणी गढूळ: तुमचे अनुभव लिहा

शेवाळी
काल भाचीने तिच्या नव्या टाकीचा फोटो पाठवला. आत मासे आहेत हे तिने सांगितलं म्हणून कळलं, इतकं दुधाळ पाणी! आमची पहिली टाकी आठवली. बाबा दर एकदोन दिवसांनी सगळं पाणी उपसायचे, खडे घासायचे, फिल्टर लख्ख धुवायचे, आणि परत तेच. मग ते कामासाठी बाहेरगावी गेले, कोणी हात लावला नाही, आणि पाणी आपोआप निवळलं. श्रेय मात्र त्यांनी आल्यावर स्वतःच्या शेवटच्या घासणीला दिलं. तुमच्याकडे काय काय झालंय?

गप्पीवाला
बाबा लोक सगळीकडे सारखेच 😄
टाकी भरल्याभरल्या गढूळ असेल तर खड्यांची धूळ, ती एका दिवसात खाली बसते. पण काही दिवसांनी पांढरी झाली तर ते बॅक्टेरिया. उरलेलं खाणं आणि विष्ठेवर जगणारे हे भराभर वाढतात. विष्ठेतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे कामाचे बॅक्टेरिया मात्र सावकाश येतात, चारसहा आठवडे धरून चाला. सगळं घासलं की तेही जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मीनाक्षी_नाही
आमचं हिरवं होतं!! टाकी खिडकीत. सासूबाई म्हणाल्या छान दिसतंय, राहू दे. ते तरंगतं शेवाळ, फिल्टरच्या स्पंजमध्ये अडकतच नाही. जाड चादर टाकून तीनचार दिवस पूर्ण अंधार केला, मग थोडं पाणी बदललं, कारण मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया होतो. खिडकी सोडली नाही तर पुन्हा येतं हं. कुकर झाला, येते नंतर.

कंटाळा
फिल्टरला यूव्ही दिवा (अतिनील किरणांचा) लावा, विषय संपला.

गप्पीवाला
@कंटाळा हिरव्यासाठी हो. पण नव्या टाकीत अमोनिया वाढलेला असेल तर यूव्हीने पाणी काचेसारखं दिसेल आणि मासे तरीही मरतील.

लाकूडतोड्या
आमचं चहाच्या रंगाचं आहे. टाकीत सजावटीला ठेवलेल्या ड्रिफ्टवूडमधलं (वाळलेल्या लाकडातलं) टॅनिन, म्हणजे त्यातून उतरणारा तपकिरी रंग. मला आवडतं, माशांनाही चालतं, पाहुण्यांना नाही. नको असेल तर लाकूड आधी भिजत घाला किंवा फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन (रंग शोषणारा कोळसा) टाका. आमची मांजर तेच पाणी पिते, ताज्या वाटीकडे बघत नाही.

सुरमई
माझ्या रूममेटने फिल्टरचा स्पंज नळाखाली साबण लावून धुतला होता. साबण!! नळाच्या क्लोरीननेच कामाचे बॅक्टेरिया मरू शकतात, वर हे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा. आणि नळाचं पाणी घालताना क्लोरीन घालवायचं औषध.

नवीनच
शेवाळीताई, तुमची भाची म्हणजे मीच समजा. पांढरं पाणी, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. काय करू? घरात पाचजण खायला घालतात.

गप्पीवाला
एअरपंप चालू करा आधी, हे बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात. पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढून. अमोनिया तपासायचं किट आणा, आकडा शून्य हवा. दिसला तर रोज थोडं बदलत राहा. आणि पाचांपैकी चौघांकडून डबा काढून घ्या.

शेवाळी
दोन मिनिटांत संपेल एवढंच घाल गं. एक दिवस उपाशी ठेवलंस तरी काही होत नाही.

नवीनच
पंप लावला. डबा लपवला, आजोबांनी शोधला.

मीनाक्षी_नाही
😂😂 आले परत. कोणाकडे बारक्या गोगलगायी आपोआप झाल्यात का? काचेवर शेकडो.

लाकूडतोड्या
झाडांबरोबर अंडी येतात. जास्त खाणं पडलं की फौज वाढते, त्यामुळे तुमच्याकडेही कोणीतरी डबा उघडतंय. हव्यात का अजून? माझ्याकडे भरपूर आहेत, मांजर त्यांना विचारत नाही.