मदत हवी आहे : मुलाची माया घरच्यांना कशी समजावू?

नमस्कार. आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मुलगा १३ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. गेल्या महिन्यात माझे सासरे गेले. घरात रडारड सुरू झाली तसा हा कानांवर हात दाबून आतल्या खोलीत जाऊन बसला. मग बाहेर आला, आजोबांचा चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला, डबीत घातला आणि डबी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. तोंडातून एक शब्द नाही. नणंदबाई म्हणाल्या, "ह्याला काही वाटतच नाही बघ." फार लागलं मला ते.

वाटत नाही कसं? चार दिवस तो धड जेवला नाही. अजूनही संध्याकाळी ५ वाजता, आजोबांच्या चहाच्या वेळी, त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहतो. चेहऱ्यावरून मनातलं ओळखणं त्याला जड जातं, पण कुणाला त्रास होतोय हे कळलं की त्याला ते सोसवत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकांनी २०१२ मध्ये मांडलं, की न समजण्याची ही अडचण दोन्ही बाजूंनी असते. मला पटतं. आम्हाला तरी त्याचं कुठे कळतं?

दिवाळीत सगळे पुन्हा जमतील. सासूबाईंना, नणंदबाईंना हे साध्या मराठीत कसं सांगू? तुम्ही घरी सांगितलं असेल तर नेमके काय शब्द वापरलेत? सांगली-मिरजेत असे पालक कुठे भेटतात का? आणि कुणी स्वतः ऑटिस्टिक असाल तर दुःखाच्या वेळी घरच्यांनी कसं वागलेलं बरं वाटतं, तेही नक्की लिहा.